अ‍ॅलिस स्प्रिंग्ज ते उलुरू, घळीघळींतून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅडलेडला राहायला येऊन पंधरा वर्षं झाली. एवढ्या काळात ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरची ही लाल मातीतली फेरी चारदा झाली: एकदा आम्ही दोघंच, एकदा मुलांबरोबर, एकदा साताऱ्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन आणि गेल्या वर्षी मंडळातल्या तीन कुटुंबांसोबत. त्यामुळे मार्च उजाडला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नांची रांग लागते. प्रश्न तेच, विचारणारे नवे. म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत.

हा मार्ग नेमका कुठून कुठे जातो?

नॉर्दर्न टेरिटरीमधलं अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हे सुरुवातीचं गाव. तिथून पश्चिमेकडे वेस्ट मॅकडॉनेल डोंगररांग जाते. रांगेच्या कडेकडेने सिम्पसन्स गॅप, स्टॅन्डली कॅझम, एलरी क्रीक, ऑर्मिस्टन आणि ग्लेन हेलन अशा घळी आणि खिंडी लागतात. पुढे टनोराला हे जुनं विवर, मग मेरीनी लूप नावाचा कच्चा रस्ता, किंग्ज कॅन्यन, आणि शेवटी उलुरू हा प्रचंड लाल खडक व काटा ट्युटा हे घुमटांसारखे खडक. परतताना लासेटर हायवेने अर्लडंडाला यायचं आणि स्टुअर्ट हायवे धरून अ‍ॅलिस गाठायचं. सगळी प्रदक्षिणा मिळून अकराशे-बाराशे किलोमीटर होते, आणि आडफाटे धरले तर आणखी थोडी.

नकाशावर हे सगळं वाळवंट दिसतं, पण मार्ग आखताना तो पाणवठ्यांचा मार्ग समजून आखा. घळीत सावली असते, म्हणून पाणी टिकतं. पाणी असतं म्हणून प्राणी येतात, आणि हजारो वर्षं माणसंही त्याच पाण्याला धरून राहिली, म्हणून त्यांच्या कथा आणि त्यांचे नियमही तिथेच आहेत. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

किती दिवस काढावेत?

सहा रात्रींच्या आत हे करू नका. आठ मिळाल्या तर उत्तम: अ‍ॅलिसला दोन, ऑर्मिस्टन किंवा ग्लेन हेलनच्या आसपास दोन, किंग्ज कॅन्यनला एक, उलुरूपाशी दोन आणि परत अ‍ॅलिसला एक. बरेच लोक सिडनीहून थेट उलुरूच्या विमानतळावर उतरतात, सूर्यास्त बघतात आणि तिसऱ्या दिवशी परत जातात. त्यात चूक काही नाही, पण मग दगड तेवढा बघून होतो.

कोणत्या महिन्यात जावं?

मे ते सप्टेंबर. दिवसा वीस-पंचवीस अंश, आकाश निरभ्र. पण जून-जुलैच्या रात्री पारा शून्याखाली जातो, हे आपल्या लोकांना खरं वाटत नाही. “वाळवंटात कसली थंडी?” असं म्हणत आमचे एक स्नेही फक्त टी-शर्ट घेऊन आले होते. सकाळी तंबूवर दव गोठून खडखडीत झालं होतं आणि ते गाडीत हीटर लावून बसले होते. स्वेटर, कानटोपी आणि जाड मोजे घ्याच.

डिसेंबर-जानेवारीत चाळीशी ओलांडते. शाळेला सुट्टी आहे एवढ्यावरून तेव्हा मुलांना घेऊन जाऊ नका.

फोर-व्हील ड्राइव्ह घ्यावी लागते का?

दोन ठिकाणी हा प्रश्न येतो. अ‍ॅलिस ते ग्लेन हेलन आणि अ‍ॅलिस ते उलुरू हे दोन्ही रस्ते डांबरी आहेत, साधी गाडी आरामात जाते. मेरीनी लूपचा मोठा तुकडा मात्र कच्चा आहे, आणि गाडी वर्षानुवर्षं जाऊन जाऊन तो पन्हळी पत्र्यासारखा झालेला असतो. दात वाजतात. भाड्याच्या साध्या गाडीचा विमा बहुधा कच्च्या रस्त्यावर लागू होत नाही, तेव्हा करारपत्रातली बारीक अक्षरं वाचा. हा रस्ता ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या, मालकीच्या जमिनीतून जातो, त्यामुळे परवाना घ्यावा लागतो. तो स्वस्त असतो आणि अ‍ॅलिसला किंवा वाटेत मिळतो.

पाम व्हॅलीला जायचं असेल तर उंच फोर-व्हीलला पर्याय नाही. शेवटचे सोळा-एक किलोमीटर तुम्ही फिंक नदीच्या पात्रातूनच गाडी चालवत असता.

एक सांगतो. दुसऱ्या फेरीत मेरीनीवर आमचं पंक्चर झालं. स्टेपनी काढली तर तिच्यात निम्मीच हवा. भाड्याची गाडी घेताना चारही चाकं वाकून वाकून बघितली होती, पाचव्याकडे लक्ष गेलं नाही. अडीच तासांनी एक ट्रकवाला आला, त्याच्याकडे पंप होता. तेव्हापासून गाडी ताब्यात घेताना पहिल्यांदा स्टेपनी तपासतो.

भारतातलं लायसन्स चालतं का? गाडी चालवणं अवघड आहे का?

लायसन्सवरचा मजकूर इंग्रजीत असेल तर फिरायला आलेल्या माणसाला ते चालतं. इंटरनॅशनल परमिट जवळ असलेलं बरं, भाड्याने गाडी देणारे काही जण मागतात. गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे तो त्रास नाही.

अवघड आहे तो एकसुरीपणा. सरळ रस्ता, दोन्हीकडे स्पिनिफेक्स गवत, तासभर समोरून कोणी नाही. स्टुअर्ट हायवेवर बऱ्याच भागात ताशी 130 किलोमीटरची मर्यादा आहे, पण तेवढं पळवण्याची गरज नाही. तीन-चार डबे जोडलेले ट्रक येतात, त्यांना रोड ट्रेन म्हणतात आणि त्यांची लांबी 53 मीटरच्या वर असू शकते. मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करायचा अंदाज इथे कामाचा नाही. समोर किलोमीटरभर मोकळा रस्ता दिसल्याशिवाय बाहेर काढू नका. रोड ट्रेन समोरून येत असेल तर वेग कमी करून डावीकडे सरका.

अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. कांगारू, गुरं, उंट सगळे रात्री रस्त्यावर येतात, आणि गावाबाहेर रात्री झालेल्या अपघाताला बहुतेक भाड्याच्या गाड्यांचा विमा लागू होत नाही.

मोबाइलला गाव सोडलं की रेंज जाते. टेलस्ट्राचं कार्ड इतरांपेक्षा जास्त ठिकाणी चालतं, तरी मध्ये शेकडो किलोमीटर काहीच नाही. नकाशे आधी उतरवून ठेवा आणि घरच्यांना तसं सांगून ठेवा. भारतापेक्षा इथलं घड्याळ बरोबर चार तास पुढे असतं, त्यामुळे हिशेब सोपा आहे.

पंपावर ‘ओपल’ लिहिलेलं असतं. ते घालू का?

घाला, ते पेट्रोलच आहे. नशेसाठी पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाने या भागातल्या वस्त्यांमधली कितीतरी तरुण मुलं दगावली, कितींचा मेंदू निकामी झाला. त्यावर उपाय म्हणून 2005 मध्ये हे कमी अ‍ॅरोमॅटिक असलेलं इंधन आलं. ते हुंगून नशा येत नाही. साध्या 91 ऑक्टेनच्या जागी ते चालतं. हर्मन्सबर्ग, किंग्ज कॅन्यन, युलारा (उलुरूजवळचं मुक्कामाचं गाव), कर्टिन स्प्रिंग्ज, अर्लडंडा इथे पंप आहेत. अर्धी टाकी झाली की भरायची, भावाकडे बघायचं नाही.

सगळ्या घळी सारख्याच दिसतात म्हणे. चुकवू नये अशी कोणती?

सारख्या अजिबात नाहीत. आपण सांदण दरी, शिवथरघळ आणि नाणेघाटाची नाळ यांना एका माळेत ओवत नाही ना?

सिम्पसन्स गॅप अ‍ॅलिसपासून जेमतेम वीस किलोमीटर. ती खरी खिंड आहे: कोरडं वाळूचं पात्र, बाजूला पांढऱ्या खोडांची झाडं, समोर डोंगर मधोमध फुटलेला. इथे दुपारी जाऊ नका. सूर्य उगवताना किंवा मावळताना उजव्या हाताच्या दगडांच्या राशीकडे बघत गप्प बसा. आम्ही वीस मिनिटं बसलो होतो, काही दिसेना. मग बायकोने माझं मनगट दाबलं. जो दगड आम्ही इतका वेळ बघत होतो, त्यानेच कान हलवला. काळ्या पायांची रॉक वॉलबी, म्हणजे छोटा कांगारूच: सशाहून मोठी, गालावर पांढरी रेघ, शेपटी लांब आणि टोकाला झुपकेदार. ती दगडावरून दगडावर उतरली आणि पायाचा आवाज म्हणून झाला नाही.

स्टॅन्डली कॅझम म्हणजे इथली सांदण. दोन्हीकडे ऐंशी मीटरचे कडे, मधली वाट काही ठिकाणी तीन मीटर रुंद. भर दुपारी डोक्यावर सूर्य आला की थोडाच वेळ उजेड तळापर्यंत पोचतो आणि भिंती निखाऱ्यासारख्या दिसतात. त्या वेळी गर्दीही सगळ्यात जास्त. ही जागा इथल्या मूळच्या वेस्टर्न अरेर्न्टे लोकांच्या मालकीची आहे, तेच ती चालवतात, आणि प्रवेशाचे पैसे त्यांना जातात. मूळ नाव अंगकेर्ले अट्वाट्ये, म्हणजे पाण्याची खिंड. स्टॅन्डली हे नाव अ‍ॅलिसच्या पहिल्या शिक्षिका आयडा स्टॅन्डली यांच्यावरून पडलं.

पुढे ओकर पिट्स लागतात. ही घळ नव्हे, ओढ्याकाठची दरड आहे, पण तिच्यात गेरू, पिवडी आणि पांढऱ्या मातीचे थर उभे लावून ठेवल्यासारखे दिसतात. गेरू हा शब्द मुलांना इथे शिकवता आला, कारण आजीच्या कुंडीचा रंग समोर होता. अरेर्न्टे लोक अंगावर रंगवण्यासाठी, विधींसाठी आणि औषधासाठी ही माती वापरत आले. बोटाने खरवडून बघण्याचा मोह होतो. करू नका, दंड आहे.

माझी आवडती ऑर्मिस्टन, अ‍ॅलिसपासून 135 किलोमीटरवर. वर घोस्ट गमच्या झाडापाशी चढून खाली बघता येतं. पण वेळ असेल तर ऑर्मिस्टन पाउंडची साडेआठ किलोमीटरची फेरी करा, तीन-चार तास लागतात. आधी उघड्या टेकड्या, मग चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं ताटासारखं मैदान, आणि शेवटी नदीच्या पात्रातून घळीत शिरून पाण्यापाशी. तळाचे दगड जांभळे, गुलाबी, निळसर, पाण्याने इतके गुळगुळीत की त्यांच्यावरून चालताना घसरायला होतं. शेवटी पाणी आडवं आलं तर बूट डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून जावं लागतं. उलट दिशेने फिरू नका, घळीचा शेवट हाच या वाटेचा प्रसाद आहे.

किंग्ज कॅन्यनची काठावरून जाणारी सहा किलोमीटरची वाट सगळ्यांनाच माहीत असते. सुरुवातीलाच पाचशे पायऱ्यांची खडी चढण आहे, ती झाली की बाकी सोपं. वर शंभर मीटरहून खोल कडा आहे आणि कठडा नाही. मुलांचा हात सोडू नका. अर्ध्या वाटेवर खाली उतरलं की सायकॅडची ताडासारखी झाडं आणि पाण्याचं कुंड लागतं, त्याला ‘गार्डन ऑफ ईडन’ म्हणतात. तापमान 36 अंशांवर जाणार असा अंदाज असेल तर सकाळी नऊनंतर या वाटेवर सोडत नाहीत. आठला पोचा.

पाण्यात उतरता येतं का? मगरी असतात का?

मगरी उत्तरेकडे, डार्विनच्या बाजूला. इथल्या पाण्यात नाहीत. एलरी क्रीक, ऑर्मिस्टन, ग्लेन हेलन, रेडबँक इथे लोक पोहतात. पण पाणी उन्हाळ्यातही बर्फासारखं असतं, कारण ते खोल आहे आणि सावलीत आहे. ऑर्मिस्टनचा डोह भरलेला असताना चौदा मीटरपर्यंत खोल जातो. अंग तापलेलं असताना उडी मारली तर श्वास अडकतो. हळूहळू उतरा, लहान मुलांना कडेलाच ठेवा. सनस्क्रीन किंवा डासांचं मलम फासून आत जाऊ नका, आटत आलेल्या डोहात ते साठून राहतं. काही डोह पवित्र मानलेले आहेत, तिथे न पोहण्याची पाटी असते. उलुरूच्या पायथ्याचा मुटीजुलू डोह हा असाच.

प्राणी दिसतात की नुसते कांगारूचे फलकच?

गाडीतून बहुतेक फलकच दिसतील. उतरून बसलात तर बरंच काही.

ऑर्मिस्टनच्या गाडीतळावर डोक्यावर टोकदार तुरा असलेले विटकरी रंगाचे स्पिनिफेक्स पारवे तुमच्या पायांत घुटमळतात. पाणवठ्यावर संध्याकाळी झेब्रा फिंच येतात. आणि पाऊस चांगला झाला असेल त्या वर्षी हिरव्या-पिवळ्या बजरीगारांचे थवे. आपल्याकडे क्रॉफर्ड मार्केटात ‘लव्हबर्ड’ म्हणून पिंजऱ्यात विकतात ना, तेच. ते मूळचे इथले. माझ्या बाबांनी आयुष्यभर त्यांना जोडीजोडीने पिंजऱ्यात पाहिलं होतं. तीन-चारशे पक्षी एकदम वळले आणि सगळा थवा क्षणभर पिवळा होऊन पुन्हा हिरवा झाला, तेव्हा ते कॅमेरा हातात असूनही फोटो काढायचं विसरले.

घोरपड ओळखीची वाटेल. इथली पेरेन्टी ही ऑस्ट्रेलियातली सगळ्यात मोठी घोरपड, दोन मीटरच्या वर जाते. ‘थॉर्नी डेव्हिल’ नावाचा काटेरी सरडा तळहाताएवढा असतो, मुंग्या खातो आणि रस्ता ओलांडताना वाऱ्यावर हलणाऱ्या पानासारखा मागे-पुढे डुलत चालतो. त्याच्या कातडीवरच्या बारीक खाचांतून पाणी आपोआप तोंडाकडे ओढलं जातं, म्हणजे ओल्या वाळूत उभा राहिला तरी तो पाणी पितो. रस्त्यावर काडी पडलेली दिसली तरी आमची गाडी हळू होते, ते यामुळेच.

मेलेल्या कांगारूवर गरुड बसलेला दिसला तर लांबूनच वेग कमी करा. वेज-टेल्ड गरुडाचे पंख पसरले की दोन मीटरच्या वर जातात, आणि पोट भरलेलं असताना त्याला उडायला वेळ लागतो.

डिंगो, म्हणजे इथले रानकुत्रे, तळावर येतात. त्यांना खायला घालू नका, पादत्राणं तंबूबाहेर ठेवू नका.

बिल्बीसारखे निशाचर प्राणी रानात दिसणं जवळजवळ अशक्य. त्यासाठी अ‍ॅलिसच्या डेझर्ट पार्कमध्ये रात्रीच्या प्राण्यांचं दालन आहे, तिथे अर्धा दिवस द्या. प्रवासाच्या शेवटी नको, सुरुवातीला. मग बाहेर काय शोधायचं ते कळतं.

ऑस्ट्रेलियात उंट कुठून आले?

आपल्याकडून, असं म्हटलं तरी चालेल. 1860 साली ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून दोन डझन उंट मेलबर्नला नेले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती! पुढे सिंध, बलुचिस्तान, पंजाब, राजस्थान आणि अफगाणिस्तानातून हजारो उंट आणि त्यांचे चालक आले. सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटलं गेलं, त्यावरूनच अ‍ॅडलेड-डार्विन रेल्वेचं नाव ‘द घॅन’ पडलं. मोटारी आल्यावर उंट सोडून दिले गेले आणि त्यांची पिलावळ वाढली. आता ते पाणवठे तुडवतात, म्हणून डोकेदुखी झाले आहेत.

तसंच गवताचं. रस्त्याकडेला दाट वाढलेलं बफेल गवत म्हणजे आपलं अंजन गवत. सुरुवातीचं बी उंटांच्या खोगिरांच्या भरणातून आलं असं मानतात, नंतर गुरांसाठी मुद्दाम पेरलं. आपल्याकडे चाऱ्याला चांगलं, इथे आगी भडकवणारं तण.

उलुरू चढता येतो का?

नाही. 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई कायमची बंद आहे. तारीख मुद्दाम निवडलेली होती: 26 ऑक्टोबर 1985 रोजी ही जमीन सरकारने तिथल्या मूळच्या अनांगू लोकांना परत दिली, आणि त्यांनी ती 99 वर्षांच्या कराराने राष्ट्रीय उद्यानासाठी दिली.

“एवढ्या लांब जायचं आणि चढायचं नाही?” असं माझ्या मामांनी विचारलं होतं. ज्या वाटेने लोक चढत, ती माला, म्हणजे छोट्या वॉलबीच्या रूपातल्या, पूर्वजांची वाट आहे. शिवाय चढताना काही डझन माणसं मेली, आणि आपल्या घरी आलेल्या पाहुण्याच्या मृत्यूचं ओझं अनांगू स्वतःवर घेतात. मामांनी ऐकून घेतलं आणि खालची प्रदक्षिणा केली. साडेदहा किलोमीटर, सपाट, सकाळी लवकर सुरू केली तर चार तासांत होते. दगड 348 मीटर उंच आहे, पण जवळ गेलं की उंची विसरायला होते: गुहा, घड्या, पाण्याच्या काळ्या रेघा, मध्येच झाडी. लांबून दिसणारा तो गुळगुळीत गोळा जवळून तसा राहतच नाही.

सकाळी माला वाटेवर रेंजर फुकट घेऊन जातात, मे ते सप्टेंबरमध्ये दहाला, उन्हाळ्यात आठला. हे चुकवू नका. उद्यानाचा तीन दिवसांचा पास मोठ्यांना 38 डॉलर, अठराच्या आतल्यांना फुकट.

आणि हो, युलाराकडे येताना डावीकडे एक मोठा लाल डोंगर दिसेल आणि तुम्ही आनंदाने ओरडाल. तो उलुरू नाही. तो माउंट कॉनर, मूळ नाव अतिला, वरून सपाट, थेट आपल्या एखाद्या गडासारखा. मी त्याचे चाळीस फोटो काढून घरच्या ग्रुपवर “पोचलो!” म्हणून टाकले होते. त्यावरून अजून चिडवतात लोक.

काही ठिकाणी फोटो का काढू देत नाहीत?

अनांगूंसाठी त्या कड्याचे विशिष्ट भाग म्हणजे धर्मग्रंथाची पानं. काही पुरुषांनीच बघायची, काही बायकांनीच, तीही मूळ जागी जाऊन. फोटोत ती कुणालाही, कुठेही दिसू शकतात. पाट्या लावलेल्या असतात, त्या पाळा. बाकी दगडाचे फोटो हवे तेवढे काढा.

जी कथा सगळ्यांना सांगितली जाते ती मुटीजुलू डोहापाशी ऐका. कुनिया नावाची अजगरीण पूर्वेकडून आली. तिच्या भाच्याला लिरू या विषारी सापाच्या माणसांनी भाल्यांनी मारलं. ती जाब विचारायला गेली तर एक लिरू योद्धा हसला. तिने रागाने वाळू उधळत नाच केला आणि आपल्या खणायच्या काठीने त्याच्या डोक्यात दोन घाव घातले. कड्यावर दोन चिरा आहेत, एक छोटी आणि एक खोल. पहिला घाव आणि दुसरा घाव. रेंजरने बोट दाखवेपर्यंत मला ती भेग होती, त्यानंतर ती भेग म्हणून दिसेना. अशा सगळ्या कथा, त्यांतला कायदा, नातीगोती आणि जमिनीचं ज्ञान यांना मिळून अनांगू ‘चुकुर्पा’ म्हणतात. नुसती ‘दंतकथा’ म्हणू नका.

या लोकांना म्हणायचं काय? ‘आदिवासी’ चालेल?

मराठीत आपसात बोलताना चालेल. इंग्रजीत ‘ॲबोरिजिनल’ हे विशेषण वापरा. त्याचं ‘-नी’ने संपणारं जुनं रूप आता अपमानकारक मानतात. सगळ्यात चांगलं म्हणजे समाजाचं नाव घेणं. अ‍ॅलिस परिसरात अरेर्न्टे (उच्चार साधारण ‘अरंदा’), किंग्ज कॅन्यनकडे लुरिचा, उलुरूपाशी अनांगू, ज्यांच्या भाषा पिचंचारा आणि यांकुनचारा. ‘पाल्या’ हा पिचंचारा शब्द नमस्कार, ठीक आहे, धन्यवाद अशा बऱ्याच जागी चालतो.

मृत व्यक्तीचं नाव बराच काळ उच्चारत नाहीत. म्हणून वस्तुसंग्रहालयात ‘इथे दिवंगतांची छायाचित्रं आहेत’ अशी पाटी असते. वस्तीत परवान्याशिवाय शिरू नका आणि विचारल्याशिवाय माणसांचे फोटो काढू नका. जव्हारच्या पाड्यावर घरात डोकावून फोटो काढणारे पर्यटक पाहिले असतील, तर वेगळं सांगायला नको.

टनोरालाला थांबण्यासारखं काय आहे?

लोणार पाहिलंय का? मग थांबाच. सुमारे 14 कोटी वर्षांपूर्वी इथे आकाशातून काहीतरी येऊन आदळलं. मूळ विवर वीस-बावीस किलोमीटरचं असावं, ते झिजून आज पाचेक किलोमीटरचं डोंगरांचं कडं उरलं आहे.

वेस्टर्न अरेर्न्टे सांगतात: आकाशगंगेत तारका होऊन बायका नाचत होत्या. एकीने आपलं बाळ लाकडी परातीत ठेवलं आणि ती नाचात रमली. परात कलंडली, बाळ पृथ्वीवर पडलं, वर परात पडली आणि खडक उसळून गोल डोंगर झाला. आई आणि बाप, म्हणजे शुक्राची चांदणी, सकाळ-संध्याकाळ अजून बाळाला शोधतात. शास्त्रज्ञ काहीतरी वरून पडलं म्हणतात, आणि कथाही वरून पडलं म्हणते. आपल्याकडे लोणारला लवणासुर आणि विष्णू आहेत, पण ती कथा जमिनीखालच्या राक्षसाची, ही आकाशातून पडलेल्या बाळाची. इथे मुक्कामाला परवानगी नाही.

चित्रं, बूमरँग वगैरे कुठून घ्यावं?

ठिपक्यांची चित्रं प्राचीन पद्धतीची असली तरी बोर्ड आणि कॅनव्हासवर ती आली 1971 मध्ये, अ‍ॅलिसच्या वायव्येला पापुन्या वस्तीत. त्याआधी हीच चिन्हं वाळूवर, अंगावर असत. त्याच दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आणली. पुढचे प्रश्नही सारखेच: नक्कल, दलाल, आणि पैसे कुणाला.

तेव्हा कलाकारांच्या स्वतःच्या केंद्रांतून घ्या. उलुरूच्या सांस्कृतिक केंद्रात मारुकू हे असंच कलाकारांचं केंद्र आहे. चित्राबरोबर कलाकाराचं नाव, वस्ती आणि प्रमाणपत्र मागा. विमानतळावरचं डिजेरिडू, म्हणजे फुंकून वाजवायचं लांब लाकडी वाद्य, या भागाचं नाही, ते उत्तरेकडच्या आर्नहेम लँडचं. परत येणारं बूमरँगही इथलं नव्हे.

हर्मन्सबर्गला जरूर थांबा. चित्रकार आल्बर्ट नमाजिरा (1902–1959) इथले. पांढऱ्या खोडांच्या झाडांची आणि जांभळ्या डोंगरांची त्यांची जलरंगचित्रं घराघरांत लागली. 1957 मध्ये त्यांना नागरिकत्वाचे हक्क मिळाले, जे त्यांच्या बहुतेक नातलगांना नव्हते. त्यामुळे त्यांना दारू विकत घेता येत होती, नातलगांना देता येत नव्हती. ती दिल्याबद्दल 1958 मध्ये शिक्षा झाली, पुढच्या वर्षी ते गेले. त्यांची चित्रं पाहून बाहेर या आणि डोंगर बघा. तो जांभळा रंग खोटा वाटत होता ना, तो समोर असतो.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

अ‍ॅलिसमधून बाजार करून निघा. मोठी सुपरमार्केट आहेत, डाळ-तांदूळ-कणीक सगळं मिळतं. पुढे रोडहाउसवर बटाट्याचे चिप्स आणि चीज सँडविच यापलीकडे आशा ठेवू नका. आम्ही छोटा कुकर आणि गॅसची शेगडी नेतो. बहुतेक तळांवर सार्वजनिक शेगडी असते, पण तिच्यावर आधी सॉसेज भाजलेलं असतं, हे आईला सांगितलं नव्हतं.

भारतातून येणाऱ्यांनी सामानातला खाण्याचा प्रत्येक जिन्नस विमानातल्या कार्डावर जाहीर करा. पेढे, बर्फी, ताजी फळं, बिया घरीच ठेवा.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. नेता येईल?

येईल. सिम्पसन्स गॅप, एलरी, ग्लेन हेलन इथे वाहन जवळपर्यंत जातं. उलुरूपाशी मुटीजुलूची वाट सपाट आहे. काटा ट्युटाची वाल्पा घळ जाऊन-येऊन अडीच किलोमीटर, खडकाळ, पण हळूहळू होते. ‘व्हॅली ऑफ द विंड्स’ मात्र सोडा. किंग्ज कॅन्यनला वर न चढता खालून ओढ्याकाठची छोटी वाट आहे. चालताना तासाला माणशी एक लिटर पाणी, तहान नसली तरी.

माश्या खरंच एवढ्या असतात?

हो. डोक्यावरून घ्यायची जाळी अ‍ॅलिसला विकत घ्या. पहिल्या दिवशी हसाल, दुसऱ्या दिवशी घालाल.

अ‍ॅलिस सुरक्षित आहे का?

दिवसा काही अडचण नाही. रात्री पायी भटकू नका आणि गाडीत सामान दिसेल असं ठेवू नका. घरफोड्या होतात, हे खरं आहे. पण मॉलमध्ये जमिनीवर बसलेला प्रत्येक ॲबोरिजिनल माणूस धोक्याचा, हे आपल्या लोकांच्या बोलण्यात इतकं सहज येतं की लाज वाटते. त्यातले बरेच लांबच्या वस्तीतून दवाखान्यासाठी किंवा नातलगांना भेटायला आलेले असतात. एका आजीने माझ्या मुलीला बोटाने वाळूत इमूच्या पावलाची खूण कशी काढायची ते दाखवलं होतं: तीन रेघा, टोकाला जुळलेल्या.

थोडीशी लाल वाळू, एखादा खडा आणला तर?

आणू नका, दंड होतो. उद्यानाकडे जगभरातून पोस्टाने दगड परत येतात, काहींसोबत माफीची चिठ्ठी असते: घरी नेल्यापासून काही चांगलं घडलं नाही, कृपया परत ठेवा. अडचण अशी की कुठून उचलला हे माहीत नसलं तर तो परत ठेवायचा कुठे, हा प्रश्न रेंजरांपुढे उरतोच. बुटाच्या शिवणीत जी माती बसते तिला इलाज नाही. माझ्या जोड्यात चौथ्या फेरीची अजून आहे.